रमण मिस्तरींना दाखवल्याशिवाय

आमच्या डहाणू-तलासरीकडे कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटलं, की समोरचा माणूस गाडीचा रंग विचारत नसे, मॉडेल विचारत नसे. एवढंच विचारी, "रमण मिस्तरींना दाखवली का?" या एका प्रश्नाने माझे सात महिने खाल्ले. त्या सात महिन्यांत मी त्या माणसावर जितकी चिडले, तितकी सख्ख्या भावावरही कधी चिडले नाही. आणि गंमत अशी की मिस्तरींना याचा पत्ताही नव्हता. किंवा असला तरी त्यांनी तो लागू दिला नाही.

माझी बदली सायवनच्या शाळेत झाली होती. घर डहाणूला, घरी आई एकटी, आणि आईला दमा. सकाळची एसटी पकडली की कासा, कासाहून पुढे मिळेल ते वाहन, आणि संध्याकाळी तेच उलटं. आईला मधेच काही झालं तर मी किती वेळात पोचेन, याचा हिशेब मी रोज करत असे आणि तो रोज वेगळा येई. नवी गाडी परवडणार नव्हती. म्हणून जुनी बघायची ठरवली, आणि शाळेतल्या सगळ्यांनी एका सुरात मिस्तरींचं नाव घेतलं.

त्यांचं गॅरेज तलासरीला हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून होतं. वर पत्रे, खाली तेल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन. मिस्तरी तेव्हा साठीचे असतील. काटक, बुटके, कपाळावर चष्मा. तो डोळ्यांवर क्वचितच येई. घर त्यांचं झाईला, बोर्डीच्या पुढे, अगदी गुजरातच्या हद्दीला टेकलेलं. तिथून रोज स्कूटरने येत. घराणं मच्छीमारांचं. वडिलांची होडी होती, आणि मिस्तरी पहिलं इंजिन शिकले ते होडीचं. बोलण्यात मराठीला गुजराती असं मिसळलेलं, की कुठली भाषा कुठे संपली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला ते पहिल्या दिवसापासून 'बेन' म्हणाले.

"गाडी बघायला येता का? रविवारी?" मी विचारलं.

"येईन ने."

"किती वाजता?"

"रविवारी," ते म्हणाले.

फोन नंबर दिला त्यांनी, पण त्याचा उपयोग नव्हता. मोबाईल ते स्कूटरच्या डिकीत ठेवत. "हातात ठेवला तर तेल लागतं," म्हणत. खिशात का ठेवत नाही असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खिशात वाजतो."

पहिली गाडी तलासरीतच होती, पांढरी, चकचकीत. मालक मोठा सभ्य माणूस. मी दहाला पोचले, मिस्तरी बारा वाजून गेल्यावर उगवले. तोवर मी मालकाच्या ओटीवर बसून दोनदा चहा घेतला होता आणि त्यांच्या दोन्ही मुलींची शिक्षणं ऐकली होती. मिस्तरींनी स्कूटर लावली, खांद्यावरची कापडी पिशवी खाली ठेवली. तिच्यात एक टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर. एवढंच सामान. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आधी बॉनेटवर तळहात ठेवला. मग गाडीभोवती एक फेरी. मग दुसरी. मग खाली वाकून चारही टायर. मालक म्हणाला, "सुरू करून दाखवू का?"

"घाई कोणाला आहे?" मिस्तरी म्हणाले.

मला होती.

त्यांनी दार उघडलं, मॅट उचलून नाकाशी नेलं, मग ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट ओढायला लागले. ओढतच राहिले. अगदी शेवटपर्यंत, जिथवर तो पट्टा माणसाच्या अंगावर कधी येतच नाही तिथवर. शेवटच्या वीतभर भागावर मातीची तपकिरी रेघ होती. मिस्तरींनी ती नखाने खरवडली आणि बोट मालकासमोर धरलं.

"ही पाण्यात होती."

"पावसात भिजली असेल थोडी," मालक म्हणाला.

"पावसात इथवर नाय भिजत. गाडीत गळ्यापर्यंत पाणी आलं की भिजते."

मालकाची सभ्यता तिथे संपली. आम्ही निघालो. मी मिस्तरींचे आभार मानले, अगदी मनापासून. कुठल्या तरी पुरात बुडालेली गाडी मी आईसाठी घेणार होते. त्या दिवशी मला वाटलं, लोक म्हणतात ते खरं आहे, असा माणूस पाठीशी हवा.

हे मत महिनाभर टिकलं.

दुसरी गाडी घोलवडला होती, एका चिकूवाल्या बागाईतदाराची. मिस्तरी आले, बॉनेटवर हात ठेवला, पिशवी उचलली आणि परत स्कूटरकडे निघाले. मी मागे धावले. "काय झालं?"

"गरम आहे."

"म्हणजे?"

"आपण यायच्या आधी फिरवून आणली. थंड इंजिन कसं सुरू होतं ते मला बघू द्यायचं नाय."

"अहो, सकाळी चिकूचे खोके स्टेशनवर पोचवून आले ते. आत्ता सांगितलं त्यांनी मला."

"मग उद्या येतो सांगा. गार झाल्यावर."

उद्या सोमवार होता. माझी शाळा होती. पुढच्या रविवारपर्यंत ती गाडी दुसऱ्याने नेली. ती अजून घोलवडच्या रस्त्यावर धावते. मी डोळ्यांनी बघते, काहीही झालेलं नाही तिला.

तिसऱ्या गाडीच्या वेळी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून इतका वेळ उभे राहिले, की मालकाच्या बायकोला वाटलं यांना चक्कर आली. डोळे उघडून म्हणाले, "आत एक आवाज आहे."

"कसला?"

"तो कळला असता तर घ्या म्हटलं असतं."

चौथीच्या कागदांवरच्या नंबरातला एक आकडा पुसट होता. पाचवीचा मालक फार बोलतो म्हणून नको. मी म्हटलं, "मिस्तरी, मला गाडी घ्यायची आहे, मालक नाही." ते म्हणाले, "जो गाडीपेक्षा जास्त बोलतो, तो गाडीला बोलू देत नाय."

एकदा मी चिडून विचारलंच. गॅरेजच्या बाकावर बसले होते, एसटी चुकलेली होती. "मिस्तरी, तुमच्या हातून कधी चुकीची गाडी पास झाली होती का? कुणाला काही झालं होतं का? म्हणून इतकं करता?"

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "नाय. तसं काय झालं नाय."

"मग?"

हात पुसत पुसत ते म्हणाले, "बेन, आमच्या बापाची होडी होती. रस्त्यात गाडी बंद पडली तर चार माणसं धक्का देतात. दर्यात कोण देणार? म्हणून निघायच्या आधी बघायचं. तीच सवय पडली." आणि पुन्हा एका जीपखाली गेले.

सायवनच्या रस्त्यावर दर्या नाही, हे मी त्यांच्या पायांना सांगू शकले असते. सांगितलं नाही.

मग राऊत सरांच्या गाडीचं प्रकरण झालं.

राऊत सर आमचे मुख्याध्यापक. त्यांना मोठी गाडी घ्यायची होती आणि आधीची मला द्यायची होती. घरची गाडी, एका हातात वापरलेली. सर इतके शिस्तीचे, की दर महिन्याला टायरची हवा वहीत लिहून ठेवत. यापेक्षा खात्रीची गाडी कुठे मिळणार? मी मिस्तरींना सांगणारच नव्हते. पण सरच म्हणाले, "रमण मिस्तरींना दाखवा ना. आम्हालाही बरं वाटेल."

रविवारी डहाणूला सरांच्या घरी आम्ही जमलो. सरांच्या पत्नी, राऊत बाई, यांनी पोहे केले होते. सरांचा मुलगा वापीला नोकरीला, पंचविशी ओलांडलेला, तोही सुट्टीवर आला होता. अंगणात गाडी, गार, धुतलेली. मिस्तरी त्या दिवशी फक्त तासभर उशिरा आले. मला तो शुभशकुन वाटला.

त्यांनी नेहमीच्या फेऱ्या मारल्या. मग फडक्यातून चुंबक काढलं आणि गाडीच्या अंगावर टेकवत टेकवत पुढे आले. दारांना चिकटलं. मागे चिकटलं. पुढच्या डाव्या बाजूला टेकवलं, ते निसटून खाली पडलं. मिस्तरींनी ते उचलून पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. मग बॉनेट उघडून बराच वेळ टॉर्च मारत राहिले.

"पुढून ठोकलेली आहे," ते म्हणाले. "पत्र्यावर लांबी भरली आहे, म्हणून चुंबक धरत नाय. आत वेल्डिंग पण आहे."

राऊत सर हसले. "शक्यच नाही. ही गाडी मी स्वतः चालवतो. एक ओरखडा नाही."

"तुम्ही चालवता तेव्हा नसेल ठोकली," मिस्तरी म्हणाले आणि बॉनेट खाली केलं.

सरांच्या मुलाने पोह्यांची बशी हळूच ओट्यावर ठेवली. सर त्याच्याकडे बघत होते. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्ही पुण्याला ट्रेनिंगला होतात तेव्हा. मी सांगणार होतो."

"कधी?" सर म्हणाले.

बाई आत निघून गेल्या. त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या पाठीकडे बघून मला कळलं, आणि सरांनाही कळलं असावं. मी मात्र हातात बशी धरून तिथे उभी. ठेवावी तर कुठे, आणि खावी तर कशी?

रस्त्यावर आल्यावर मी मिस्तरींना म्हटलं, "मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. ते माझे वरिष्ठ आहेत."

"मी गाडीबद्दल बोललो," मिस्तरी म्हणाले. "घराबद्दल ते बोलले."

पुढचं वर्षभर शाळेतलं प्रत्येक नकोसं काम माझ्या वाट्याला आलं. मतदार यादी, पोषण आहाराची नोंद, सगळं. सर कधी कडवट बोलले नाहीत, फक्त कागद पुढे सरकवत. त्यांचा मुलगा पुढे दिवाळीलाही घरी आला नाही असं ऐकलं. मी मिस्तरींकडे जायचं बंद केलं.

त्या रविवारनंतर तीन आठवड्यांनी एक फोन आला. दुपारचे दोन वाजले होते, मी सातवीच्या वर्गावर होते. शेजारच्या भाभी बोलत होत्या, "आईंना दम लागलाय. ओठ निळे दिसतात. मी रिक्षा बोलावली आहे, तुम्ही या." मी तशीच निघाले. एसटी नुकतीच गेली होती. अर्धा तास फाट्यावर उभी राहिले, मग एका टेम्पोने कासा, कासाहून खचाखच भरलेली जीप. डहाणूच्या दवाखान्यात पोचायला मला अडीच तास लागले. आई नाकाला ऑक्सिजन लावून पडली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. आणलं ते भाभींनी. मी जीपमध्ये कुणाच्या तरी मांडीवर अर्धी बसून होते.

पुढच्या शनिवारी मी हायवेवरच्या जुन्या गाड्यांच्या एका डेपोतून गाडी घेतली. राखाडी रंगाची. डेपोवाल्याचाच मेकॅनिक होता, दहा मिनिटांत म्हणाला, "एकदम ओके, मॅडम." दहा मिनिटांत. सात महिन्यांनंतर ते दोन शब्द ऐकून मला रडू येईल असं वाटलं. घरी येताना मी मनातल्या मनात मिस्तरींना खूप काही सुनावलं.

महिन्याभराने चारोटीच्या पेट्रोल पंपावर ते भेटलेच. स्कूटरमध्ये पेट्रोल भरत होते. आता काय ऐकवणार म्हणून मी काच खाली केली आणि तयार होऊन बसले. त्यांनी गाडीकडे पाहिलं. खिडकीतून आत वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

"घेतली का?"

"घेतली."

"बरं झालं."

"कशी वाटते?" मी विचारलं. अगदी भांडायच्या सुरात विचारलं.

"रंग चांगला आहे," ते म्हणाले. "दर दोन महिन्यांनी घेऊन येत जा."

एवढंच. ना 'मला का नाही दाखवलीत', ना काही. मला तर त्याचाही राग आला. सात महिने ज्याने गाड्यांचे दोष काढले, त्याला आता एक दोष काढता येऊ नये?

पण जाऊ लागले मी. दर दोन महिन्यांनी, सलग चार वर्षं. सांगितलेल्या दिवशी गाडी कधी मिळाली नाही. "घाई कोणाला आहे?" हे मी इतक्या वेळा ऐकलं, की झोपेतही ऐकू येई. प्रत्येक वेळी ते काहीतरी बदलत. आज पट्टा, उद्या पाण्याचा पाइप, मग क्लच प्लेट. मी म्हणे, "अहो, हे चांगलं चाललंय की." ते म्हणत, "चांगलं आहे तोवरच बदलायचं." मला वाटे, हा माणूस उगाच कामं काढतो. पण गाडी चार वर्षांत एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. आईला त्या गाडीतून पाचदा तरी दवाखान्यात नेलं, त्यात दोनदा धावतपळत.

मग ती गाडी बदलून मोठी घ्यावी म्हणून मी चौकशी केली. ज्याला दाखवली त्याने कॉम्प्युटरवर गाडीचा जुना रेकॉर्ड काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी गाडी घेतली तेव्हा मीटर चाळीस हजार दाखवत होता. त्याच्या दीड वर्ष आधी, दुसऱ्या एका सर्व्हिसिंगला, त्याच गाडीचा मीटर एक लाख दहा हजार होता.

त्याची प्रिंट घेऊन मी तिथून थेट तलासरीला गेले. मिस्तरी बाकावर बसून पेला धरून चहा पीत होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा खाली घेतला, कागद वाचला, चष्मा परत वर सरकवला.

"एवढी चालली असेल असं नव्हतं वाटलं," ते म्हणाले. "मला वाटलं, नव्वदपर्यंत असेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पंपावर दिसलं ने. ब्रेकच्या पेडलचं रबर पार झिजलेलं. चाळीस हजारात एवढं झिजत नाय."

"चार वर्षं. चार वर्षं तुम्ही मला बोलला नाहीत?"

"घ्यायच्या आधी विचारलं असतं तर बोललो असतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. "मला फसवलं त्या माणसाने. मी त्याच्याकडे जाऊन भांडले असते. तुम्ही मला सांगायला हवं होतं, मिस्तरी. तो माझा हक्क होता."

त्यांनी चहाचा पेला बाकावर ठेवला.

"बेन, तुम्ही रोज तिच्यात बसून सायवनला जाणार. आईला नेणार. मी सांगितलं असतं तर भीत भीत चालवली असती. भिणारा माणूस नको तिथे ब्रेक मारतो. गाडी परत करून दुसरी घ्यायची तुमच्यात ताकद नव्हती, तुमचं तोंडच सांगत होतं. मग मी ठरवलं, गाडी मी बघतो. तुम्ही चालवा."

त्यांनी माझ्यासाठी परस्पर ठरवलं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. मोठ्या बाईला न विचारता तिची काळजी घेणं यालाही एक उद्धटपणा लागतो. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "हां, ते बरोबर आहे," आणि पुन्हा चहा घेतला. त्यांच्याशी भांडण्यात हीच अडचण होती. मुद्दा मान्य करत, आणि बदलत काहीच नसत.

गाडी मी बदलली नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलीचा सुरतहून फोन आला. म्हणाली, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन वलसाडला आहे, मी तिथे असेन, पण परतीच्या दिवशी मला सुट्टी नाही, तुम्ही घरी सोडाल का? माझा नंबर मिस्तरींनीच दिला होता. स्कूटरच्या डिकीतल्या त्या मोबाईलमध्ये माझा नंबर आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात गोळ्यांची पिशवी. मी पुढचं दार उघडून त्यांना बसवलं. हायवेला लागलो आणि त्यांचं सुरू झालं. क्लचवर पाय ठेवून चालवू नका. या गाडीला चौथा गिअर आहे, माहीत आहे ना? ट्रकच्या इतकं मागे का राहता? आणि ट्रकच्या इतकं जवळ का जाता? डॉक्टरांनी त्यांना बोलायचं नाही, डोक्याला ताण द्यायचा नाही असं बजावलं होतं. मी ते तीनदा सांगितलं. अच्छाडचा नाका येईपर्यंत मी दात आवळून गाडी चालवत होते. पुन्हा कुणाचा फोन आला तर सांगायचं, मी गावाला गेले आहे, असं मी ठरवूनही टाकलं.

तलासरीला हायवे सोडून झरीच्या रस्त्याला वळले, तेव्हा त्यांचा आवाज थांबला. मला वाटलं दुखतंय की काय. बघितलं तर मान दाराकडे कलली होती, तोंड किंचित उघडं. मिस्तरी झोपले होते. रस्ता खराब होता, गाडी हादरत होती, पुढच्या डाव्या चाकातून बारीक खडखडही येत होती. मला ती ऐकू येत होती. त्यांना उठवलं नाही. बोर्डीच्या सुरूंपाशी समुद्राचा वारा आत आला तरी ते हलले नाहीत.

झाईला त्यांच्या दारापुढे मी गाडी थांबवली. झोपमोड होऊ नये म्हणून इंजिन तसंच चालू ठेवलं. पाच-सात मिनिटं गेली असतील. दुपारचं ऊन होतं, समोर काठ्यांवर बोंबील वाळत होते.

"गाडी उभी करून इंजिन कशाला जाळता?" डोळा न उघडताच ते म्हणाले. "बंद करा."

मी किल्ली फिरवली. त्यांनी स्वतः दार उघडलं, माझा हात बाजूला केला आणि उतरले. आभार वगैरे काही नाही. एका हातात गोळ्यांची पिशवी, दुसरा हात आधी बॉनेटवर, मग कुंपणावर, मग भिंतीवर ठेवत ते अंदाजाने चालत गेले. दाराशी पोचल्यावर वळले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण त्यांनी पट्टी नसलेला डोळा बारीक करून माझ्याकडे नाही, पुढच्या डाव्या चाकाकडे पाहिलं, मान हलवली आणि आत गेले.

महिन्याभरात मुलगी त्यांना सुरतला घेऊन गेली. ते चाक मी दुसरीकडे दाखवलं. त्याने दहा मिनिटांत ठीक आहे म्हणून सांगितलं. मी त्याला पुन्हा बघायला लावलं.